एनम की यू-८? ड्रायव्हर लिहिताना टाइप कसा निवडायचा

एम्बेडेड मालिकेचा हा नवा भाग. नेहमीसारखंच, जे बोललो तेच इथे थोडं नीटनेटकं करून टाकलंय. आज आकडे जरा जास्त आहेत. बसमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकताना आकडे डोक्यावरून गेले असतील, तर खाली शांतपणे वाचा, आणि जमलं तर हातात कागद-पेन घ्या.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघालाय. तो विचारतो: "दादा, मी मोटर कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहितोय. मेसेजच्या स्ट्रक्टमध्ये कमांडचं फील्ड मी एनम ठेवलं होतं. रिव्ह्यूमध्ये एक सर म्हणाले, हे काढ आणि यू-८ कर. मग दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, यू-८ केलंस तर २ म्हणजे काय हे कोणाला कळणार, एनमच ठेव. मी कोणाचं ऐकू?"

दोघांचंही ऐक. दोघंही बरोबर सांगतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल बोलतायत. सर बोलतायत मेसेज जिथे दुसऱ्याच्या हातात जातो त्या जागेबद्दल, आणि मॅडम बोलतायत तुझ्या स्वतःच्या कोडच्या आतल्या भागाबद्दल. ही दोन ठिकाणं वेगळी ओळखता आली की नव्वद टक्के भांडण मिटतं. उरलेल्या दहा टक्क्यांत मात्र चांगलेच खड्डे आहेत. आज मुख्यतः तेच बघू.

आधी दोघांची ओळख

एनम म्हणजे नावांची यादी. पिंग, स्टार्ट, स्टॉप, स्पीड अशी नावं लिहायची, कंपायलर त्यांना ०, १, २, ३ असे आकडे देतो. आपण कोडमध्ये नाव वापरतो, आत आकडा फिरतो.

फिक्स्ड-विड्थ टाइप म्हणजे ज्याची रुंदी नावातच लिहिलेली आहे असा आकडा. यू-८ म्हणजे ८ बिट, चिन्ह नाही, ० ते २५५. यू-१६ दोन बाइटचा, यू-३२ चार बाइटचा. सी भाषेत हे अधिकृतपणे आले १९९९ च्या स्टँडर्डमध्ये. तिथे नाव आहे यूइंट८_टी, यूइंट१६_टी वगैरे. लिनक्स कर्नलची स्वतःची छोटी नावं आहेत, यू८, यू१६, यू३२. बोलायला सोपं म्हणून मी आज सगळ्यांनाच यू-८, यू-१६ म्हणणार आहे.

आता गंमत इथे आहे. यू-८ ची रुंदी नावातच आहे. एनमची रुंदी किती?

हा प्रश्न इंटरव्ह्यूमध्ये विचारला तर बहुतेक जण म्हणतात, "चार बाइट, कारण एनम म्हणजे इंट." अर्धं बरोबर. यादीतली जी नावं आहेत, म्हणजे स्टॉप वगैरे, ती इंट असतात. पण एनम टाइपचं व्हेरिएबल किंवा स्ट्रक्टमधलं फील्ड किती बाइटचं असेल, हे सी स्टँडर्ड सांगतच नाही. ते एवढंच म्हणतं की यादीतल्या सगळ्या किमती मावतील असा कुठलाही पूर्णांक टाइप कंपायलरने निवडावा. कॅरेक्टरएवढा एक बाइटचाही चालेल.

आणि कंपायलर ही मुभा खरंच वापरतात. लॅपटॉपवर जीसीसी साधारणपणे चार बाइट घेतो. पण त्याच जीसीसीला शॉर्ट-एनम्स नावाचा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर किंमत मावेल तेवढा छोट्यात छोटा टाइप घेतला जातो. कॉर्टेक्स-एम चिपसाठी ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारं फर्मवेअर बनवताना आपण जो एआरएम-नन-ईएबीआय टूलचेन वापरतो ना, त्यात हा पर्याय न सांगताच चालू असतो. तुम्ही काही लिहायची गरज नाही. लिनक्ससाठीच्या एआरएम टूलचेनमध्ये मात्र एनम चार बाइटचाच.

म्हणजे एकच हेडर फाइल, एकच जीसीसी घराणं, एकच एआरएम, आणि तरी दोन वेगळी मापं.

तीन नंबरची मोटर

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर हे उदाहरण घ्या. एसटीएम३२एमपी१५७ नावाची चिप आहे. तिच्यात कॉर्टेक्स-ए७ कोअर आहेत ज्यांच्यावर लिनक्स चालतं, आणि शेजारीच एक कॉर्टेक्स-एम४ आहे ज्यावर छोटं फर्मवेअर चालतं. अशा चिपवर नेहमीची वाटणी अशी: लिनक्सने स्क्रीन, नेटवर्क बघायचं आणि एम४ ने मोटर, सेन्सर अशी वेळेला काटेकोर कामं करायची. दोघं एका सामाईक मेमरीतून मेसेज देतात-घेतात.

समजा मेसेजचा स्ट्रक्ट असा आहे: पहिलं फील्ड कमांड, टाइप एनम. दुसरं मोटर नंबर, यू-८. तिसरं किंमत, यू-१६. हेडर फाइल दोन्ही बाजूंना तीच. "कॉपी-पेस्टसुद्धा नाही केलं, एकच फाइल दोन्हीकडे इन्क्लूड केलीय," असं आपण अभिमानाने सांगतो.

लिनक्सच्या बाजूला कमांड ४ बाइट, म्हणजे जागा ० ते ३. मोटर नंबर जागा ४. मग एक बाइट रिकामा, कारण यू-१६ सम जागेवर बसावा लागतो. किंमत जागा ६ आणि ७. एकूण ८ बाइट.

एम४ च्या बाजूला कमांड १ बाइट, जागा ०. मोटर नंबर जागा १. किंमत जागा २ आणि ३. एकूण ४ बाइट.

आता लिनक्सने सांगितलं: स्टॉप, मोटर ३, किंमत ०. स्टॉप म्हणजे २. मेमरीत बाइट पडले: ०२, ००, ००, ००, ०३, ००, ००, ००. एम४ पहिले चार बाइट वाचणार. कमांड २, म्हणजे स्टॉप. बरोबर! मोटर नंबर ०. किंमत ०.

एम४ ने मोटर ० थांबवली. मोटर ३ फिरतेच आहे.

हे क्रॅश झालं असतं तर बरं झालं असतं. हे क्रॅश होत नाही. कमांड नीट ओळखली जाते, कारण दोन्ही बाजू लिटल-एंडियन आहेत आणि छोटा आकडा पहिल्याच बाइटमध्ये बसतो. पिंग केलं तर पिंग चालतं. टेबलावर एकच मोटर जोडून टेस्ट केली, तिचा नंबर ०, तर स्टॉपसुद्धा चालतं. स्पीड ५०० पाठवला तर एम४ ला किंमत ० दिसते, मोटर फिरत नाही, आणि मग माणूस दोन दिवस वायरिंग तपासत बसतो. मल्टीमीटर घेऊन. कोड तर "चालतोय" ना, पिंग येतंय की!

अजून पुढे. मेसेज एकामागून एक रांगेत असतील तर एम४ ला वाटतं, दुसरा मेसेज जागा ४ पासून सुरू होतो. तिथे लिनक्सचा मोटर नंबर पडलाय, ०३. एम४ तो कमांड म्हणून वाचतो. ३ म्हणजे स्पीड. म्हणजे "तीन नंबरची मोटर थांबव" या एका मेसेजमधून एम४ ला दोन हुकूम ऐकू आले: शून्य नंबरची मोटर थांबव, आणि शून्य नंबरच्या मोटरचा स्पीड शून्य कर.

कोणी विचारेल, कंपायलर वॉर्निंग देणार नाही का? त्याच्या दृष्टीने दोन्हीकडचा कोड अगदी शुद्ध आहे. एआरएमचा लिंकर हुशार आहे, एनमची मापं वेगळी असलेल्या दोन ऑब्जेक्ट फाइल एकत्र जोडल्या तर तो ओरडतो. पण इथे लिनक्सचा ड्रायव्हर आणि एम४ चं फर्मवेअर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. लिंकरला ते दोघं एकत्र कधी दिसतच नाहीत. दोघांची भेट होते ती थेट मेमरीत, आणि तिथे टाइप वगैरे काही नसतं, नुसते बाइट.

म्हणून रिव्ह्यूमधले सर म्हणाले ते इथे शंभर टक्के लागू. जो डेटा आपल्या कंपाइल केलेल्या कोडच्या बाहेर जातो, मग तो हार्डवेअरकडे जाऊ दे, दुसऱ्या प्रोसेसरकडे, वायरवर, फाइलमध्ये किंवा युजरस्पेसकडे, तिथे एनम फील्ड म्हणून ठेवायचा नाही. कमांड यू-८, मोटर यू-८, किंमत यू-१६.

पण मग नावांचं काय?

नावं राहू देत ना! एनमची यादी हेडरमध्ये तशीच ठेवायची. फक्त स्ट्रक्टमधल्या फील्डचा टाइप यू-८ लिहायचा आणि त्यात एनममधलं नाव भरायचं. सी मध्ये हे सरळ चालतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरचं हेडर उघडून बघा, म्हणजे लॅपटॉपमधल्या एसएसडीचा ड्रायव्हर. एनव्हीएमईची प्रत्येक कमांड ६४ बाइटची असते आणि तिचा पहिला बाइट म्हणजे ऑपकोड. हेडरमध्ये ऑपकोडचा व्यवस्थित एनम आहे: फ्लश ०, राइट १, रीड २ आणि पुढे. पण कमांडच्या स्ट्रक्टमध्ये ऑपकोड फील्डचा टाइप तो एनम नाही, यू-८ आहे. आणि ड्रायव्हरमध्ये एक तपासणी लिहिलेली आहे की कमांडचं माप ६४ नसेल तर बिल्डच होऊ द्यायचं नाही. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बघायला मिळतात. कुठल्याही ट्यूटोरियलपेक्षा ते हेडर वाचा, असं मी म्हणेन.

युजरस्पेसच्या बाजूलाही तेच. ॲप आणि कर्नल यांच्यात आयओसीटीएलने जे स्ट्रक्ट जातात, त्यांच्याबद्दल कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये डॅनियल वेटर यांनी लिहिलेलं एक छान प्रकरण आहे. त्यात अगदी सुरुवातीच्या सल्ल्यांतला एक हाच: फक्त ठराविक रुंदीचे पूर्णांक वापरा आणि रिकामे बाइट स्वतः नाव देऊन भरा. तुमच्यापैकी जे पुण्यात किंवा चाकणला गाड्यांच्या ईसीयूवर काम करतात त्यांना मिस्रा-सी माहीत असेलच. तिथेही साध्या इंट, लाँगऐवजी माप आणि चिन्ह दाखवणारे टाइप वापरा असाच आग्रह आहे.

"पण आमच्याकडे दोन्ही बाजू एकाच टूलचेनने बनतात, मग एनम ठेवला तर?" आज चालेल. शॉर्ट-एनम्स असेल तर कधीतरी फुटेल. यादीत २०० पर्यंत किमती आहेत आणि कोणीतरी शेवटी "एरर म्हणजे उणे १" अशी ओळ घातली. आता उणे १ ते २०० एका बाइटमध्ये मावत नाही, चिन्हासकट एका बाइटची मर्यादा १२७. एनम गुपचूप दोन बाइटचा झाला. किंवा कोणी २५६ किमतीची नवी कमांड घातली, तरी तेच. पॅच एका ओळीचा, रिव्ह्यूमध्ये निरुपद्रवी दिसणारा, आणि त्याच्याखालच्या सगळ्या फील्डच्या जागा सरकल्या. नवं फर्मवेअर आणि जुना ड्रायव्हर एकत्र आले की झालं कल्याण.

उलट्या दिशेने: हार्डवेअर जे सांगतं ते यादीत असेलच असं नाही

आतापर्यंत आपण लिहिण्याबद्दल बोललो. वाचताना वेगळाच प्रश्न येतो.

जुनी सिरियल पोर्टची चिप घेऊ, १६५५०. जुनी म्हणून नाक मुरडू नका, क्यूइएमयूमध्ये पीसीचं व्हर्च्युअल मशीन चालवलंत तर त्यात हीच चिप नकली रूपात बसलेली असते. तिच्यात एक रजिस्टर आहे, इंटरप्ट आयडेंटिफिकेशन. इंटरप्ट का आला हे ते सांगतं. ४ म्हणजे डेटा आलाय, २ म्हणजे पाठवायची जागा रिकामी झाली, ६ म्हणजे लाइनवर काही गडबड, १२ म्हणजे अक्षरं येऊन पडली आणि पुढची येईनात, ० म्हणजे मोडेमची स्थिती बदलली, १ म्हणजे इंटरप्ट नाहीच.

वाटतं ना, हा तर एनमसाठीच जन्मलेला आहे? मग कोणीतरी रजिस्टर वाचतं, किंमत थेट एनमच्या व्हेरिएबलमध्ये टाकतं आणि स्विच लिहितं. चालतं. मग कोणीतरी चिपचा फिफो बफर चालू करतं, आणि सगळं बंद पडतं.

कारण त्याच रजिस्टरचे वरचे दोन बिट फिफो चालू आहे का ते सांगतात. फिफो चालू असताना डेटा आला तर रजिस्टरमध्ये ४ नसतो, १९२ अधिक ४ असतो, म्हणजे १९६. हेक्समध्ये सी४. ही किंमत यादीत नाही. स्विचमधली एकही केस लागत नाही.

यातून कळतं काय, तर रजिस्टर म्हणजे एनम नव्हे. रजिस्टर म्हणजे ८ बिट. त्यातल्या खालच्या चार बिटांचा एक तुकडा एनमसारखा वागतो. म्हणून आधी यू-८ मध्ये वाचायचं, मग मास्क लावून तुकडा काढायचा, मग तो तुकडा ओळखीचा आहे का ते तपासायचं, आणि तेव्हाच त्याला एनम म्हणायचं. चिपची पुढची आवृत्ती येते, डेटाशीटमध्ये "राखीव" लिहिलेले बिट एक दिवस खरे होतात, केबल सैल असते आणि सगळे बिट १ वाचले जातात, म्हणजे २५५. हार्डवेअरने तुमची यादी वाचलेली नसते.

सी भाषा या बाबतीत अजिबात मदत करत नाही, हेही सांगून टाकतो. एनमच्या व्हेरिएबलमध्ये १९६ टाकलात तर ती चूं करत नाही. एनम म्हणजे यादीतलीच किंमत असणार, हा विश्वास वाचणाऱ्या माणसाच्या मनात असतो, भाषेत नाही.

रेडिओ बटण आणि चेकबॉक्स

फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. रिंग, व्हायब्रेट, सायलेंट, यातलं एकच निवडता येतं. वाय-फाय, ब्लूटूथ, लोकेशन, हे मात्र कितीही एकत्र चालू ठेवता येतात.

पहिला प्रकार एनमचा. दुसरा प्रकार एनमचा नाही.

१६५५० मध्येच दोन्ही आहेत. लाइन कंट्रोल रजिस्टरचे खालचे दोन बिट म्हणजे अक्षराची लांबी: ० म्हणजे ५ बिट, १ म्हणजे ६, २ म्हणजे ७, ३ म्हणजे ८. चारातलं एकच. एनम झकास. पण लाइन स्टेटस रजिस्टर बघा. बिट ० म्हणजे डेटा तयार, बिट १ म्हणजे ओव्हररन, बिट ५ म्हणजे पाठवायची जागा रिकामी. हे तिन्ही एकाच वेळी १ असू शकतात, किंमत होते १ अधिक २ अधिक ३२, म्हणजे ३५. एनममध्ये १, २, ३२ ही नावं आहेत, ३५ नाही. मग ३५ ला एनम टाइपमध्ये ठेवणं म्हणजे चेकबॉक्सच्या स्क्रीनला रेडिओ बटण म्हणण्यासारखं. डीबगरही गोंधळतो, वाचणाराही. इथे यू-८ किंवा यू-३२ घ्या आणि प्रत्येक बिटला मॅक्रोने नाव द्या. लिनक्समध्ये त्यासाठी बिट नावाचा मॅक्रो आहेच. ३१ व्या बिटाचं नाव एनममध्ये ठेवायला गेलात तर चिन्हाचा वेगळा घोळ होतो, कारण ती किंमत साध्या इंटमध्ये मावत नाही.

अजून एक बारीक गोष्ट: रजिस्टर ८ बिटचं असलं तरी ते ८ बिटनेच वाचायचं असं नसतं. बऱ्याच एआरएम चिपमध्ये हीच सिरियल पोर्टची रजिस्टरं चार-चार बाइटच्या अंतरावर ठेवलेली असतात आणि काही ठिकाणी ३२ बिटनेच वाचावी लागतात. किती रुंदीने वाचायचं ते डेटाशीट सांगणार, लिनक्समध्ये डिव्हाइस-ट्री सांगणार. एनमला यातलं काहीच माहीत नाही.

उणे पाच कुठे गेला

हा खड्डा मला सगळ्यात बेरकी वाटतो.

ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन आहे जे डिव्हाइसचा मोड वाचून परत देतं. काही बिघडलं तर उणे एरर कोड देतं, ही कर्नलची नेहमीची पद्धत. वाचण्यात गडबड झाली तर उणे ५. तुम्ही उत्तर ठेवलं मोड नावाच्या एनम व्हेरिएबलमध्ये आणि पुढच्या ओळीत लिहिलं, मोड शून्यापेक्षा कमी असेल तर परत फिर.

ती अट कधीच खरी होत नाही. एनमच्या यादीत एकही उणे किंमत नसेल तर जीसीसी त्याच्यासाठी चिन्ह नसलेला टाइप निवडतो. उणे ५ त्यात गेला की होतो ४२९४९६७२९१. शून्यापेक्षा कमी? मुळीच नाही. मग तोच आकडा मोडच्या नावांच्या ॲरेत इंडेक्स म्हणून वापरला जातो आणि कर्नल भलत्याच मेमरीत हात घालतो.

नेहमीच्या डब्ल्यू-ऑल पर्यायात याची वॉर्निंग येत नाही, डब्ल्यू-एक्स्ट्रा चालू करावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये एनम नेहमी चिन्हासकट इंट असतो, तिथे हाच कोड बरोबर चालतो, म्हणून विंडोजवर टेस्ट केलेला कोड लिनक्सवर आणताना हे हमखास निघतं. उपाय साधा. परत आलेली किंमत आधी इंटमध्ये घ्या, उणे आहे का बघा, मगच एनममध्ये टाका.

मग एनम वापरायचाच कशाला?

कारण आतल्या बाजूला तो खरंच कामाचा आहे. मॅडमचा मुद्दा आता.

ड्रायव्हरची अवस्था घ्या: बंद, सुरू होतोय, चालू, बिघडला. ही कुठल्याही रजिस्टरमध्ये जात नाही, वायरवर जात नाही, फक्त तुमच्या कोडमध्ये राहते. इथे यू-८ वापरण्यात काही अर्थ नाही. एनम ठेवलात तर डीबगरमध्ये ३ ऐवजी "बिघडला" दिसतं. आणि मोठा फायदा म्हणजे स्विच. एनमवर स्विच लिहिलात आणि एखादं नाव राहिलं तर जीसीसी सांगतो, ही केस राहिली. उद्या कोणी "झोपलेला" अशी पाचवी अवस्था घातली, तर ज्या ज्या स्विचमध्ये ती हाताळायची राहिलीय ती सगळी ठिकाणं कंपायलर स्वतः शोधून देतो. यू-८ वर स्विच लिहिलात तर तो गप्प.

पण एक अट. स्विचमध्ये डिफॉल्ट लिहिलात की ही वॉर्निंगही गप्प होते. आणि इथेच लोक अडकतात: हार्डवेअरमधून भलती किंमत येऊ शकते म्हणून डिफॉल्ट हवा, आणि वॉर्निंग हवी म्हणून डिफॉल्ट नको.

माझं उत्तर: दोन वेगळे स्विच. दारावर एक छोटं फंक्शन ठेवा, जे यू-८ घेतं, ओळखीची किंमत असेल तर एनम देतं, नसेल तर एरर देतं. इथे डिफॉल्ट असू द्या, तो इथलाच. आतल्या सगळ्या स्विचमध्ये मात्र डिफॉल्ट लिहायचा नाही. एकदा दारावर तपासणी झाली की आत किंमत यादीतलीच आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि वॉर्निंगही जिवंत राहते. दहा ओळींचं फंक्शन आहे, पण बग शोधतानाही कळतं की चूक दाराबाहेरची आहे की आतली.

फार भाबडेपणाने मात्र एनमवर विसंबू नका. सी मध्ये फंक्शनला एनम हवा असताना तुम्ही साधा आकडा दिलात तरी तो मुकाट घेतो. मोटर नंबर आणि कमांड यांची अदलाबदल करून पाठवलीत तरी बिल्ड होतं.

नवीन काय आहे

सी२३ मध्ये शेवटी एनमला स्वतःची रुंदी देता येते. नावापुढे कोलन आणि टाइप लिहायचा, म्हणजे "एनम कमांड, कोलन, यू-८", की तो कुठल्याही कंपायलरवर एकच बाइट. सी++ मध्ये हे २०११ पासून होतं. जीसीसीमध्ये सी साठी हे १३ व्या आवृत्तीपासून आहे. नवीन फर्मवेअर प्रोजेक्ट असेल आणि दोन्हीकडचे कंपायलर नवे असतील तर जरूर वापरा, मोटरवाला प्रकार टळेल. १९६ वाला टळणार नाही. रुंदी ठरली म्हणून किंमत यादीतली ठरत नाही.

त्याच जीसीसी १३ ने अजून एक गोष्ट बदलली. आधी एनममध्ये एखादी किंमत इंटपेक्षा मोठी असली तर तेवढ्या नावाचाच टाइप मोठा व्हायचा. आता एनममधल्या सगळ्या नावांचा टाइप एकच, सगळ्यात मोठ्याला मावेल तो. लिनक्सच्या ब्लॉक लेयरमध्ये, आयओ-कॉस्टच्या फाइलमध्ये, एकाच एनममध्ये छोटे आकडे आणि २ चा ३७ वा घात असे दोन्ही होते. नव्या कंपायलरने प्रिंटच्या फॉरमॅटवर वॉर्निंग दिल्या आणि मोठ्या किमती वेगळ्या एनममध्ये काढाव्या लागल्या. तो कोड काही चुकीचा नव्हता, पण एनमचा टाइप कंपायलर ठरवतो म्हटल्यावर कंपायलर बदलला की हे होणारच.

रस्टवाले विचारतील म्हणून सांगतो. रस्टमध्ये एनमला यू-८ ची रुंदी देता येते, पण यादीत नसलेली किंमत जबरदस्तीने त्यात घातलीत तर ते अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे कंपायलर मग काहीही करायला मोकळा. त्यामुळे दारावरची तपासणी तिथे ऐच्छिक राहत नाही. मला ते आवडतं, खरं सांगू तर.

आज घरी जाऊन करायची गोष्ट

तुमच्या कोणत्याही प्रोजेक्टमध्ये बाहेर जाणारा एक स्ट्रक्ट निवडा. त्याच्या खाली स्टॅटिक असर्ट लिहा, की याचं माप इतके बाइट असलंच पाहिजे. सी११ पासून हे भाषेतच आहे. कर्नलमध्ये बिल्ड-बग-ऑन किंवा स्टॅटिक-असर्ट मॅक्रो आहे. ही ओळ दोन्ही बाजूंच्या हेडरमध्ये असली पाहिजे. मोटरच्या उदाहरणात ती असती आणि त्यात ४ लिहिलेलं असतं, तर लिनक्सचा ड्रायव्हर बिल्डच झाला नसता.

मग पाहोल नावाचं टूल बसवा, लिनक्सवर ड्वार्व्ह्ज नावाच्या पॅकेजमध्ये मिळतं. डीबग माहितीसकट बिल्ड केलेली ऑब्जेक्ट फाइल त्याला दिली की प्रत्येक फील्ड कुठल्या जागेवर आहे, किती बाइटचं आहे आणि मध्ये कुठे भोक पडलंय, ते स्वच्छ छापून देतं. एकदा लॅपटॉपच्या बिल्डवर चालवा, एकदा कॉर्टेक्स-एमच्या बिल्डवर, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात तोच उघडून बसू. पुढचा विषय तसाही ठरलाय: यू-१६ चे दोन बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे, म्हणजे एंडियन. आज मी "दोन्ही बाजू लिटल-एंडियन आहेत" म्हणून पुढे सटकलो, ते काहींनी पकडलं असेलच.